पाळण्याजवळचे वाङ्मय

‘आपल्या आवडत्या एखाद्या ग्रंथाविषयी लिहा,’ असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी पुस्तकांच्या कपाटाकडे न पाहता भिंतीवरच्या एका खिळ्याकडे पाहिले. कुंभार पिंपळगावातल्या आमच्या घरात त्या खिळ्याला पुष्कळ वर्षे दोन वस्तू टांगलेल्या होत्या. एक कॅलेंडर, आणि त्याच्यामागे दोऱ्यात ओवलेले एक जाड कार्ड. ते माझ्या मुलीचे, आई आणि बाळ यांचे म्हणून सरकारने दिलेले. कॅलेंडराच्या पाठीमागच्या पानांवर बाळाच्या दातांविषयी, मुडदुसाविषयी, जंतांविषयी लेख असतात. कार्डावर लसींच्या तारखा आणि वजनाची रेघ. गावात साहित्याची गोडी असलेली माणसे थोडी. पण हे दोन्ही मजकूर घरोघर आहेत. वाचकसंख्येच्या दृष्टीने पाहिले, तर माझ्या कादंबऱ्यांनी त्यांच्यापुढे मान खाली घालावी.

मौज अशी की, कादंबरीची समीक्षा होते, नवकवितेची होते, नाटकातल्या तिसऱ्या अंकावर तर हमरीतुमरी होते. परंतु आईबापांनी लेकरू कसे सांभाळावे हे सांगणाऱ्या लिखाणाची समीक्षा कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. डॉक्टर त्यातली औषधे तपासतात, वाक्ये कोणी तपासत नाही. मी मॅट्रिक. वस्तीशाळेवर निमशिक्षक म्हणून लागलो आणि मुलांना बाराखडी शिकवता शिकवता लिहू लागलो. वैद्यकाचा मला गंध नाही. औषधपाण्याविषयी इथे जे येईल ते जाणकारांनी सांगितलेलेच. पण एखादे वाक्य कोणाशी बोलते आहे आणि त्याला काय दाखवते आहे, हे ओळखणे हा माझा रोजचा धंदा आहे. त्या बळावरच हे धाडस.

या वाङ्मयाची आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय कथा अभिमन्यूची. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याने आईच्या पोटात ऐकली. बाहेर पडण्याची विद्या सांगायची वेळ आली तेव्हा सुभद्रेला झोप लागली, आणि पोराचा पुढे घात झाला. कीर्तनात ही कथा ऐकताना सारी सभा हळहळते. गर्भारपणी काय वाचावे, काय ऐकावे, कोणते चित्र उशाशी लावावे हे सांगणारी जी पुस्तके आज भेटीदाखल देतात, त्यांतल्या पुष्कळांचा उगम या कथेतच आहे. सुभद्रा दमली होती काय, तिचे दिवस किती भरत आले होते, आणि अशा बाईला रात्री व्यूहरचना समजावून सांगणाऱ्याने थोडे थांबायला नको होते काय, हे मात्र कोणी विचारत नाही. दोष झोपेचा, म्हणजेच आईचा. मराठीतल्या बालसंगोपनाच्या लिखाणाची पहिली खोड मला इथे दिसते: ते आईशी बोलते, तिच्यावर बोट ठेवून बोलते, आणि बाळाकडे पाहायचे राहून जाते.

याला अपवाद शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. आमच्या घनसावंगी तालुक्यातच जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 सालचा. लग्नमंडपातून निघून गेलेला हा पुरुष. त्याच्या घरी कधी पाळणा हलला नाही. तरी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी जन्माचे आणि बाळपणाचे जे वर्णन आहे, ते वाचून माझ्यासारखा बाप दचकतो. हेतू वैराग्याचा आहे, हे खरे. संसार कसा दुःखमूळ हे पटवण्यासाठी समर्थ गर्भवासापासून सुरुवात करतात, आणि त्यांची भाषा मुळीच सोवळी नाही. आडवे आलेले मूल कापून काढावे लागते, हेही ते सांगून टाकतात. पण मला थांबवले ते तान्ह्या मुलाच्या रडण्याने. मूल रडते, त्याला बोलता येत नाही, आई त्याला पोटाशी धरते, पण आत काय होते आहे ते तिला कळत नाही. उपचार बाहेर चालले आहेत आणि व्यथा आत आहे! मूल वाढवण्यातली मूळ अडचण इतक्या नेमकेपणाने मांडणारा मजकूर मला नंतरच्या शेकडो पानांत सापडला नाही. आईला इथे दोष नाही आणि तिची पूजाही नाही. एक न बोलणारे माणूस आहे आणि त्याच्याकडे पाहणारे दुसरे माणूस आहे. समर्थ यावर उपाय सांगत नाहीत, तो त्यांचा विषयच नव्हे. पण प्रश्न त्यांनी बरोबर मांडला आहे, आणि पुढच्या लेखकांना मी हाच प्रश्न लावून पाहणार आहे: तुमचे वाक्य वाचून बापाला किंवा आईला आपले लेकरू अधिक दिसू लागते काय?

आता ‘श्यामची आई’. या पुस्तकाविषयी दिवाळीच्या दिवसांत उणा शब्द लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात मिठाचा खडा टाकणे. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले, 1935 साली ते छापून आले, आणि 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मी स्वतः ते वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो आणि दरवर्षी एका ठराविक जागी माझा आवाज बसतो. मुलांना ती जागा माहीत झाली आहे, ती आधीच माझ्याकडे पाहू लागतात.

मूल वाढवण्याचे पुस्तक म्हणून मात्र मी ते वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीचे फटके देते आणि विहिरीकडे धाडते. न्हाऊन झाल्यावर ओल्या तळव्यांना धूळ लागू नये असा हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी ती आपले लुगडे जमिनीवर पसरते, आणि मग मनाच्या स्वच्छतेविषयी दोन शब्द बोलते. दोन्ही प्रसंग उत्तम. पहिल्यात शरीराची भीती घालवणे आहे, दुसऱ्यात स्वच्छतेची हौस ओळखून तिला आत वळवणे आहे. ही आई लेकराकडे पाहते, यात शंका नाही. मला खुपते ते वेगळेच. ही आई स्वतः काय जेवते? पानापानावर ती देते, सोडते, सोसते. घराला कर्जाने घेरलेले. तिला तापाने ग्रासलेले. ती झिजत झिजत संपते, आणि आपण डोळे पुसून पुस्तक मिटतो. गुरुजींचा दोष नाही. त्यांनी आपल्या आईचे दुःख लिहिले, आदर्श म्हणून तिची उपासमार लिहिली नाही. किंबहुना श्याम आईच्या घरकामाला हात लावतो, बायकी काम म्हणून लाजत नाही, हेही त्यांनी प्रेमाने लिहिले आहे. दोष आमचा, वाचकांचा. आम्ही त्या पुस्तकातून श्यामचे भांडी घासणे उचलले नाही, आईचे झिजणे उचलले. मग पुढे सत्तर-ऐंशी वर्षे मराठीत जो कोणी ‘मातांनो’ म्हणून लिहायला बसला, त्याच्या मनात एक न जेवणारी, न दमणारी, न झोपणारी बाई बसलेली होती. तिला काहीही सांगावे, ती करील. दर दोन तासांनी पाजा. सहा वेळा भरवा. पाणी उकळा. बाळाशी हसतमुखाने बोला. बापाला उद्देशून एक वाक्य नाही. असलेच तर शेवटी, ‘घरातील मंडळींनीही सहकार्य करावे.’

माझ्या स्वतःच्या आयुष्यातला एक मजकूर इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी चौथीत होतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर गेरूच्या पट्टीत निळ्या अक्षरांनी एक वाक्य रंगवलेले होते: ‘अतिसारात बालकास जलसंजीवनी द्यावी.’ गुरुजी ते आम्हांला शुद्धलेखनाला देत. ‘जलसंजीवनी’ या शब्दातले दोन्ही दीर्घ ईकार माझे कधी चुकले नाहीत. त्या शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे कच आणि शुक्राचार्य येत. ‘अतिसार’ हा एखादा राक्षस असावा अशी माझी समजूत. त्याच पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला, अकरा महिन्यांच्या लेकराला, हगवण लागली. आजी म्हणाली, वरून घातलेले पाणी खालून जाते आहे, तेव्हा पाणी बंद करा. माय म्हणाली, त्याचे ओठ वाळले आहेत. आजी म्हणाली, कापसाचा बोळा फिरव. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, चिमटीत धरलेली पोटाची कातडी तशीच राहू लागली. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली तेव्हा उशीर झाला होता. मी त्या गाडीमागे काही अंतर पळत गेलो. माझ्या दप्तरात वही होती, वहीत ते वाक्य दहा वेळा लिहिलेले होते, आणि गुरुजींनी त्याखाली लाल शाईने ‘उत्तम’ असा शेरा दिलेला होता.

आमच्या घरात कोणी अडाणी म्हणून तो गेला, असे मी म्हणणार नाही. मीच एकटा वाचता येणारा होतो आणि मला त्या वाक्याने काहीच दाखवले नाही. आमच्या घरच्या शब्दाला त्या भिंतीवर जागा नव्हती. हगवण आणि अतिसार हे दोन शब्द एका गावात राहत होते, पण त्यांची कधी भेट झाली नाही. आणि ती जलसंजीवनी म्हणजे काय? एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बस्स. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. मडके, पाणी, मीठ सगळे घरात होते. साखर नसती तर उसनी मिळाली असती.

पुढे मोठेपणी मी वाचले की, 1971 साली बांगलादेशातून लोटलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे पटकी पसरली; शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखरेचे हे पाणी पिंपे भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीतले मृत्यू झपाट्याने खाली आले. 2022 साली हे गृहस्थ वारले आणि 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला त्या हकिगतीत औषधापेक्षा त्यांची वाक्यरचना महत्त्वाची वाटते. ‘द्यावी’ असे विध्यर्थी क्रियापद तिथे भिंतीवर नव्हते. पेला कोणाच्या हातात, ते ठरलेले होते. (आता या पाण्याच्या जोडीला जस्ताच्या गोळ्याही चौदा दिवस देतात, पुड्या अंगणवाडीत मिळतात, आणि लेकरू सुस्त पडले, पिईना, किंवा शेमेत रक्त दिसले तर घरी थांबायचे नाही. आलेच आहे ओघात, तर सांगून ठेवतो.)

बाळाकडे आधी पाहणाऱ्या आणि मग बोलणाऱ्या लेखकांची एक परंपरा मराठीत आहे, आणि तिचा आम्हां साहित्यिकांना पत्ता नाही. ताराबाई मोडक 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथेच त्यांना मिळाल्या, आणि 1957 साली दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. त्याआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करीत होत्या. मॉन्टेसोरीबाईंची पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केलेली. बोर्डीला बालवाडी काढली तर दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. दुसऱ्या एखाद्याने ‘मुलांना शाळेत पाठवा’ असा फलक रंगवला असता. या बायका फलक रंगवत बसल्या नाहीत. त्या वस्तीत गेल्या आणि वस्तीतल्याच एका अंगणात बालवाडी मांडली. नखे काढली, डोकी विंचरली, न्हाऊ घातले, मग गाणी. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1975 साली दोन ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे तो मराठी शब्द साऱ्या देशाने उचलला. विसाव्या शतकात मराठी भाषेने भारताला दिलेल्या शब्दांची यादी कोणी केली, तर पहिले स्थान मी याला देईन. या शब्दात उपदेश नाही. कोण कोणाकडे चालत गेले, एवढेच त्यात आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे काम पुष्कळांना माहीत आहे. ‘कोवळी पानगळ’ हे त्यांनी बालमृत्यूंच्या अहवालाला दिलेले नाव वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. अहवालाला असे नाव देणारा माणूस भाषेचा जाणता, हे उघड आहे. पण मला भुरळ घातली ती एका मजकुराने, जो मुळी शब्दांत नाहीच. न्यूमोनिया झालेल्या लेकराचा श्वास वेगाने चालतो. दोन महिन्यांच्या आतले असेल तर मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांचे असेल तर पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांचे असेल तर चाळीस किंवा अधिक. लेकरू शांत असताना, रडत नसताना, पुरते एक मिनिट मोजायचे. आता हे गावातल्या दाईला कसे सांगायचे, जिला मोठ्या आकड्यांची सवय नाही? त्यांनी मण्यांची एक पट्टी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर उपचार. हे मी वाङ्मयच समजतो. समर्थांनी ज्या आतल्या व्यथेविषयी हात टेकले, ती व्यथा इथे बाहेरून दिसू लागली. आणि ती दाखवणारी बाई निरक्षर! नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा त्यांचा प्रयोग 39 गावांत झाला, त्यात आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बाया होत्या, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे 2011 साली आशाताईंमार्फत ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. आमच्या भागात अजूनही ‘लेकराचं पोट उडतंय’ म्हणतात आणि पोटावर बिब्ब्याचे चटके देणारा शोधतात. उडणारे पोट त्यांना दिसते, म्हणजे निरीक्षण बरोबर आहे. फक्त मणी नाहीत.

याउलट हल्ली फोनवर येणारे उपदेश. यांच्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. लेखकाचे नाव नाही, तारीख नाही; ‘डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’ अशी सुरुवात, आणि शेवटी कोणत्या तरी डब्याची किंमत.

आता त्या खिळ्यावरच्या कार्डाकडे येतो. माझी मुलगी 2011 सालची. कार्डावर तिच्यासाठी गुलाबी कडेचा तक्ता होता, मुलांसाठी निळ्या कडेचा. खाली वयाचे महिने, उभे वजन, मधून वर चढत जाणारे रंगीत पट्टे. वजनाची वाट अशी रेघेने दाखवण्याची कल्पना नायजेरियातल्या खेड्यात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्ली नावाच्या इंग्रज डॉक्टरची. त्याने तिला आरोग्याचा रस्ता म्हटले होते. आजच्या पट्ट्यांची मापे जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली ठरवलेली. एवढी माहिती मी नंतर जमवली. तेव्हा मी एका कादंबरीच्या मागे होतो, आणि कार्ड म्हणजे सरकारी कागद, असे समजून त्याच्याकडे पाहत नव्हतो.

माझी पत्नी सातवी शिकलेली. मुलगी नऊ महिन्यांची असताना एका संध्याकाळी ती कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “अहो, ही रेघ तीन महिने झाले आडवीच पडलीय की.” मी पाहिले. तिन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यातच होते. मी म्हणालो, “हिरव्यात आहे, मग काय बिघडलं?” ती म्हणाली, “हिरव्यात आहे, पण चढत नाही. चुलीवरचं दूध वर यायचं थांबलं तर आपण जाळ बघतो का नाही?” मी समीक्षक, पण त्या दिवशी मजकूर तिने वाचला. ठिपका कोणत्या रंगात आहे हे मी पाहत होतो, रेघ कुठे चालली आहे हे ती पाहत होती. आणि त्या तक्त्याचा सारा अर्थ रेघेतच असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे अंगणवाडीत गेलो. ताईंनी विचारले, “वरचं काय देता?” पत्नी म्हणाली, “वरणाचं पाणी. भाताची पेज.” ताई म्हणाल्या, “पाणी तुम्ही प्या, वरण तिला द्या. बोटावर घेतलं तर ओघळता कामा नये. वरून चमचाभर तेल नाही तर तूप.” एवढेच. तीन महिन्यांत रेघ उठली.

या कार्डावर आणि त्याच्यासोबतच्या पत्रकांवर माझा आक्षेप आहे तो इथे. त्यांत ‘पूरक आहार’ असा शब्द असतो. पूरक म्हणजे काय? भाजीला कोथिंबीर पूरक, नाटकाला नेपथ्य पूरक. असला तर बरा, नसला तर चालेल, असा या शब्दाचा कानाला होणारा अर्थ. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध आणि फक्त आईचे दूध, वर पाण्याचा थेंब नाही, घुटी नाही. पण सहा महिने सरले की दुधाबरोबर अन्न हवेच, पातळ नव्हे, घट्ट हवे. ‘पूरक’ या शब्दात हा ‘हवेच’ कुठेच नाही. आमच्या बाया ‘वरचं खाणं’ म्हणतात. तोच शब्द छापला असता तर काय बिघडले असते? तसेच ‘निव्वळ स्तनपान’. तसेच ‘अतिसार’: तो राक्षस अजून जिवंत आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅम’ आणि ‘मॅम’ असे दोन शब्द निघाले आहेत, अतितीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांसाठी; अंगणवाडीत ‘हे सॅममधलं लेकरू’ असे बोलले जाते आणि आई ते आपल्या मुलाचे नाव पुकारल्यासारखे ऐकत उभी राहते. त्यापेक्षा दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी शंभरपटीने बोलकी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड गेला की लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस बालके वयाच्या मानाने उंचीला कमी भरली. इतक्या घरांत जो मजकूर वाचला जायला हवा, त्याच्या भाषेवरून एकदा तरी कोणा मराठीच्या माणसाने हात फिरवायला नको काय? परिभाषा-समित्यांवर बसणारी आमची मंडळी गावोगाव ही कार्डे उघडून बसली, तर तो मराठी भाषेचा खरा सत्कार होईल.

आणि हा मजकूर कोणाला गृहीत धरतो, हेही पाहिले पाहिजे. तो एका जागी राहणारे घर गृहीत धरतो. आमच्या जिल्ह्यातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचे मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. पहाटे अंधारात फड गाठायचा. लेकरू पाचटाच्या कोपीत किंवा बांधावर, त्याच्यापाशी त्याची सात-आठ वर्षांची बहीण. दिवसातून पाच-सहा वेळा भरवा, हे वाक्य त्या आईला उद्देशून लिहिलेले नाही. ते खोटे नाही, पण तिच्यापाशी पोचेपर्यंत त्याचा टोमणा होतो. आणि कार्ड? ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असते, रेशनकार्डाबरोबर, भिजू नये म्हणून.

त्या पेटीजवळ बसणारी ती बहीण माझ्या वर्गात असते. म्हणून गेली काही वर्षे मी चौथीला दिवाळीच्या सुट्टीआधी श्वास मोजायला शिकवतो. आधी एकमेकांचे, मग घरच्या तान्ह्याचे. साठ, पन्नास, चाळीस हे तीन आकडे त्यांना पाठ आहेत. त्याहून जास्त झाले की ज्या गावी असाल तिथला दवाखाना गाठायचा, हेही. मुलांना हा खेळ वाटतो, आणि खेळ वाटतो म्हणून राहतो.

मागच्या दिवाळीत एक मुलगी अडून बसली. तिचा भाऊ तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि लक्ष्मीपूजन झाले की त्यांची टोळी निघणार होती. ती म्हणाली, “गुरुजी, वर्गात घड्याळ आहे. फडात घड्याळ नसतंय. मोबाइल बापाच्या खिशात. मग मिनिट झालं हे कसं कळायचं?”

मला उत्तर सुचेना. मग आम्ही सगळ्यांनी मिळून घड्याळ लावून पाहिले. दोनापासून पाचापर्यंतचे पाढे, न घाईने न रेंगाळत म्हटले, की साधारण मिनिट होते. माप कच्चे आहे, पण हाताशी आहे. तिने दोनदा म्हणून पाहिले आणि पुन्हा हात वर केला. “पण पाढे म्हणता म्हणता मोजता येत नाही, गुरुजी. चुकतंय.”

मी म्हणालो, “खरं आहे. याला दोन माणसं लागतात.”

ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली. मग म्हणाली, “मग पाढे मी म्हणते. मोजायला बापाला बसवते.”